फ्यूज वायरसाठी असतो

मला रेडिओवर बोलायला बोलावतात ते बहुधा कवितेसाठी. पावसाळा आला की पावसाच्या कवितेवर, ईद जवळ आली की उर्दू-मराठीच्या नात्यावर. या खेपेला मीच म्हटलं, गाडीत मोबाईल चार्ज करायला जो पोर्ट बसवून घेतात आणि तो मोबाईल समोर अडकवायला जो स्टँड लावतात, त्यावर मला बोलू द्या. समोरचे गृहस्थ क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग मी त्यांना बोथ्याच्या घाटातली गोष्ट सांगितली. ते म्हणाले, बोला.

ती गोष्ट अशी.

आम्ही बुलढाण्याचे. माझी गाडी जुनी, दुसऱ्याची वापरलेली घेतलेली. थोरल्या बहिणीला, म्हणजे आमच्या आपांना, दर महिन्याला अकोल्याला दवाखान्यात न्यावं लागतं. बोथ्याचा घाट उतरून खामगाव, तिथून बाळापूरवरून अकोला, असा शंभरेक किलोमीटरचा रस्ता. एकदा अकोल्यात पोहोचलो आणि मोबाईल मेला. आपांचे आधीचे सगळे रिपोर्ट मोबाईलात, पैसे भरायचे तेही मोबाईलातून, आणि कुठल्या नातेवाइकाचा नंबर तोंडपाठ म्हणाल तर एकही नाही. एका चहावाल्याकडे फोन चार्जिंगला लावून मी अर्धा तास उभा राहिलो. आपा बाकावर बसून होत्या. काही बोलल्या नाहीत, पण मला फार लागलं ते.

त्याच आठवड्यात मी गाडीत पोर्ट बसवून घेतला. धाकट्या बहिणीचा मुलगा चिखलीला गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो. पण त्याच्याकडे गेलं की तो पैसे घेत नाही, आणि पैसे न घेणाऱ्याकडे सारखं जायची लाज वाटते. म्हणून मी एका दुकानात गेलो. कुठल्या गावच्या ते सांगत नाही. तिथल्या पोरानं बॉनेट उघडलं, बॅटरीच्या पॉझिटिव्हला एक वायर गुंडाळली, ती इंजिनाच्या मागच्या पत्र्यातल्या एका भोकातून आत ओढली, डॅशबोर्डला पोर्ट बसवला, निळा दिवा लागला. साडेतीनशे रुपये, वीस मिनिटं. मी खूश.

आठ महिने तो निळा दिवा छान लागत होता. मग एके दिवशी अकोल्याला जाताना, अस्रच्या सुमाराला, घाटाच्या मधोमध जळकट वास आला. आधी वाटलं कुणी जंगलात पालापाचोळा पेटवला असेल. मग डॅशबोर्डच्या खालून धूर आला. आपा मागे, बायको शेजारी. गाडी कडेला घेतली, चावी बंद केली, दोघींना उतरवलं. आणि चावी बंद केली तरी धूर थांबेना. हे मला त्या क्षणी समजलंच नाही. चावी बंद म्हणजे सगळं बंद, अशी माझी पक्की समजूत होती.

आमच्या जिल्ह्यात जळत्या गाडीचं नाव काढलं तरी माणसं गप्प होतात. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. ती आग वायरिंगची नव्हती, आधी अपघात झाला होता. पण धूर पाहिला की ते कारण-बिरण आठवत नाही, बसच आठवते.

मागून एक ट्रॅक्टर येत होता. चालवणारा पंचविशीचा पोरगा. उडी मारून आला, म्हणाला, "काय झालं हो चाचा?" मी धुराकडे बोट दाखवलं. "थांबा, माह्याजवळ पाना हाये." दहा नंबरचा पाना. त्यानं बॉनेट उघडून बॅटरीची काळी, म्हणजे निगेटिव्हची पट्टी सैल करून काढली. धूर थांबला. मग फडकं धरून ती गरम वायर पॉझिटिव्हवरून सोडवली, बाहेर ओढली, निगेटिव्ह परत लावली. गाडी सुरू झाली. पाना त्यानं माझ्या हातात दिला. "राहू द्या तुमच्यापाशी. वाटंत लागन." आणि गेला. नाव विचारायचंही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ती वायर पिशवीत घालून चिखलीला भाच्याच्या दुकानात गेलो. पुढे जे सांगणार आहे ते सगळं त्याचं. मी बीए झालेला माणूस, विज्ञानाशी संबंध दहावीला संपला. आमच्या घरात आम्ही जी मिश्र बोली बोलतो तीत तो बोलला, मी ते मराठीत सांगतो.

त्यानं वायर हातात घेतली, उलटी-सुलटी केली, आणि एका जागी बोट ठेवलं. "मामू, हे बघा." तिथलं रबर कापल्यासारखं निघालं होतं. पत्र्यातल्या ज्या भोकातून वायर गेली होती, त्या भोकाच्या कडेनं ते घासलं होतं. गाडीच्या कंपनीनं आपल्या वायरी नेलेल्या असतात तिथे भोकाला रबराची कडी असते. या पोरानं ती घातली नव्हती. आठ महिने गाडी थरथरत राहिली, पत्र्याची धार रबराला घासत राहिली, आणि शेवटी आतलं तांबं पत्र्याला टेकलं.

आता पत्र्याला टेकलं तर काय होतं? इथे गाडीची एक गंमत आहे. घरात विजेला यायला एक तार आणि परत जायला दुसरी तार लागते. गाडीत परतीची तार म्हणजे गाडीचं अंगच. बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. त्यामुळे पॉझिटिव्हची उघडी तार बॉडीला जिथे म्हणून टेकेल तिथे ती बॅटरीच्या दुसऱ्या टोकालाच टेकली असं समजायचं. मध्ये काही अडसर नाही, दिवा नाही, मोटार नाही. सेल्फ मारताना छोट्या मोटारीची बॅटरी शंभर-दीडशे अॅम्पिअर सहज देते. तेवढं देण्यासाठीच ती बनवलेली आहे. तीच ताकद मग शेवईसारख्या बारीक वायरीत शिरते. वायर तापते, रबर वितळतं, शेजारच्या वायरींचं रबरही वितळायला लागतं. आणि चावीशी याचा काही संबंध नाही, कारण वायर चावीच्या अलीकडून, थेट बॅटरीवरून आलेली. घाटात धूर का थांबेना, ते मला तेव्हा कळलं.

"पण फ्यूज का नव्हता, हा खरा प्रश्न," भाचा म्हणाला.

मी म्हटलं, फ्यूज मोबाईल वाचवायला असतो ना? माझा मोबाईल तर चांगला आहे.

तो हसला. म्हणाला, दहा गिऱ्हाइकांत नऊ हेच म्हणतात. फ्यूज मोबाईलसाठी नसतो, वायरसाठी असतो. मोबाईल जळला तर मोबाईल जातो. वायर जळली तर गाडी जाते, आणि गाडीत माणसं असतात. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेली कच्ची जागा. जास्त वीज वाहिली की वायर तापायच्या आधी ही जागा वितळते आणि रस्ता तुटतो. म्हणून फ्यूज वायरीपेक्षा आधी हरणारा हवा. आणि तो बॅटरीच्या जितका जवळ बसवता येईल तितका जवळ, वीतभर अंतरावर. कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्या मधला वायरीचा तुकडा उघडाच राहतो, त्याला कुणी वाली नाही. त्यानं पेनटाकळीच्या धरणाचं उदाहरण दिलं. पाणी बंद करायचं दार धरणाच्या भिंतीत असतं. शेताच्या बांधावर दार लावलं आणि कालवा मध्येच फुटला, तर त्या दाराचा काय उपयोग? कित्येक दुकानांत फ्यूज लावतात, पण पोर्टाच्या मागे, डॅशबोर्डात. तिथून अलीकडचा सगळा कालवा मोकळा.

किती अॅम्पिअरचा फ्यूज? हिशेब सोपा आहे, मलाही जमला. चार्जरवर वॅट लिहिलेले असतात. समजा १८ वॅटचा चार्जर. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. १८ भागिले १२, दीड अॅम्पिअर. चार्जर स्वतः थोडी वीज उष्णतेत घालवतो, म्हणजे पावणेदोनपर्यंत धरा. मग तीन अॅम्पिअरचा फ्यूज पुरे, फार तर पाचचा. दोन तोंडांचा मोठा चार्जर असेल तर त्या मानानं वाढवायचा, पण वायरही तेवढी जाड घ्यायची. गाड्यांचे पाकळीसारखे फ्यूज रंगावरून ओळखतात. तीनचा जांभळा, दहाचा लाल, पंधराचा निळा, वीसचा पिवळा. भाच्याकडे ते बरण्यांत भरून ठेवलेत, गोळ्या-बिस्किटांच्या दुकानासारखे. वारंवार फ्यूज उडतो म्हणून लोक मोठा फ्यूज घालतात, किंवा त्याजागी वायरीतला एखादा तांब्याचा धागा बांधतात, सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतात. हे म्हणजे पहारेकरी ओरडतो म्हणून त्याच्या तोंडात बोळा कोंबण्यासारखं आहे. फ्यूज उडतोय म्हणजे कुठेतरी काहीतरी टेकलंय, ते शोधायला हवं.

आता मुळात गाडीत हे पोर्ट आले कुठून, ते थोडं सांगतो. मोटारीत जी गोल खाच असते, जिला आपण लाइटरचा सॉकेट म्हणतो, ती खरोखरच विडी-सिगारेटवाल्यांसाठी होती. १९२० च्या दशकात अमेरिकेत ओढून बाहेर काढता येणारा लाइटर मोटारींत येऊ लागला. पुढे त्याचा असा लाइटर झाला की दाबायचा, तापून लाल झाला की आपोआप बाहेर सरकायचा. माणसांनी पुढे सिगारेट कमी केली, पण खाच राहिली, आणि तिच्यातून बारा व्होल्ट मिळतात म्हणून कुणी पंखा लावला, कुणी हवा भरायचा पंप लावला. मोबाईल आला तसा त्याच खाचेत बसणारा चार्जर आला. मोबाईलला बारा व्होल्ट चालत नाहीत. यूएसबी म्हणून जी जोडणी १९९६ साली मुळात संगणकासाठी आली, तिच्यावर पाच व्होल्ट असतात. म्हणजे चार्जरचं काम बाराचे पाच करायचं. त्याच्या पोटात एक अतिजलद बटण असतं म्हणा. सेकंदाला हजारो वेळा ते वीज चालू-बंद करतं आणि सरासरी पाचवर आणून ठेवतं. हल्लीचे नवे चार्जर मोबाईलशी आधी बोलणी करतात, तुला किती झेपतं रे? तो हो म्हणाला तर नऊ व्होल्टही देतात. म्हणून नवे फोन लवकर भरतात.

तेव्हा पहिला सल्ला असा की, गाडीत चालू लाइटरचा सॉकेट असेल तर नवं भोक पाडूच नका. एक बरा चार्जर घ्या आणि खाचेत खोचा. त्या खाचेला कंपनीनं फ्यूज दिलेला असतो, जाड वायर दिलेली असते. माझ्या गाडीतली खाच मेलेली होती. भाच्यानं पाहिलं, तिचा फ्यूज उडाला होता. पाच रुपयांचा. आत कधीकाळी पडलेलं एक रुपयाचं नाणं निघालं. ते नाणं आणि तो फ्यूज वेळीच सापडला असता, तर हे भाषणच झालं नसतं.

तरी मी त्याला म्हटलं, आता आलोच आहे तर नीट पोर्ट बसवून दाखव. लाइटरची खाच गिअरच्या पुढे खाली आहे, तिथून वायर वर आली की गिअरच्या हातात येते. त्यानं बसवला, आणि मी शेजारी बाज टाकून बसलो.

बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढलं. का, ते विचारलं. पॉझिटिव्ह काढताना पाना चुकून बॉडीला लागला तर ठिणगी उडते, कारण बॉडी म्हणजे निगेटिव्ह. निगेटिव्ह आधी सुटलं की बॉडीचा बॅटरीशी संबंधच राहत नाही, मग पाना कुठेही लागू दे. जोडताना उलट, निगेटिव्ह शेवटी. घाटातल्या त्या ट्रॅक्टरवाल्या पोराला हे ठाऊक होतं.

मग वीज कुठून घ्यायची? थेट बॅटरीवरून घेतली तर चावी काढल्यावरही पोर्ट जागा राहतो. निळा दिवा आणि आतलं यंत्र मिळून समजा वीस मिलिअॅम्पिअर खातात. मोटारीच्या पस्तीस अॅम्पिअर-अवरच्या बॅटरीला ते आठवडाभर कळणारही नाही, पण महिनाभर गाडी उभी राहिली तर चौदा-पंधरा अॅम्पिअर-अवर गेले, म्हणजे जवळजवळ निम्मी बॅटरी. आणि मोटारसायकलची बॅटरी तीन अॅम्पिअर-अवरची असली तर सहा-सात दिवसांत ती पार रिकामी. लग्नाला गावी गेले, परत आले तर सेल्फ लागत नाही, अशी गिऱ्हाइकं त्याच्याकडे दर उन्हाळ्यात येतात. म्हणून वीज चावीबरोबर चालू होणाऱ्या जागेवरून घ्यायची. ती फ्यूजच्या डबीत मिळते. वीज आहे की नाही हे पाहायला निगेटिव्ह तेवढ्यापुरतं परत लावलं. टेस्ट लॅम्प घेऊन एकेक फ्यूज तपासला, चावी चालू केली की दिवा लागतो आणि काढली की विझतो असा एक निवडला. वायपरचा होता. एअरबॅग, ब्रेकची यंत्रणा, इंजिनाचा संगणक यांच्या फ्यूजना हात लावायचा नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं. फ्यूजच्या जागी बसणारा एक जोडतुकडा मिळतो. त्यात जुना फ्यूजही बसतो आणि आपला नवा छोटा फ्यूजही. कंपनीची वायर कापावी लागत नाही. नव्या गाडीची वॉरंटी असेल तर हे फार महत्त्वाचं, कारण वायर कापलेली दिसली की कंपनी हात वर करते.

जोड त्यानं नुसते पिळले नाहीत. टोकाला पितळी लग लावून चिमट्यानं दाबले, वरून गरम केल्यावर आकसणारी नळी चढवली. चिकटपट्टी का नाही? उन्हाळ्यात तिचा डिंक सुटतो आणि पट्टी उलगडते. घाटाखालच्या उन्हात तर हमखास. निगेटिव्हची वायर रंग खरवडलेल्या जागी, बोल्टखाली घट्ट. रंगावर लावली तर पोर्ट मध्येच चालतो, मध्येच बंद पडतो. सगळी वायर कंपनीच्या वायरींच्या जुडग्याला बांधून नेली, पायाशी कुठे लोंबणार नाही अशी. ब्रेकखाली वायर अडकली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. दीड तास लागला. कवितेत यमक जमलं नाही तर कुणाचं काही जळत नाही. म्हणून आमचं काम वीस मिनिटांत उरकलं तरी चालतं.

दुचाकीचं थोडं वेगळं. पोर्टाचं तोंड खाली आणि झाकण घट्ट हवं, नाहीतर पहिल्या पावसात हिरवं पडतं. हँडल दोन्ही बाजूंना पुरतं वळवून पाहून मगच वायर बांधायची. आणि स्टँडवर फोन लावताना हेही लक्षात ठेवा की इंजिनाची थरथर कॅमेऱ्याला मानवत नाही. २०२१ मध्ये अॅपल कंपनीनंच सांगितलं होतं की मोठ्या मोटारसायकलींच्या थरथरीनं आयफोनच्या कॅमेऱ्यातली चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. घरोघर सामान पोचवणारी पोरं दिवसभर फोन हँडलवर ठेवतात. त्यांच्यापैकी एकानं मला दाखवलं, त्याच्या फोनमधला प्रत्येक फोटो पाण्याखालून काढल्यासारखा.

ई-रिक्षावाल्यांबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे, कारण तिथे पोटाचा प्रश्न आहे. ई-रिक्षात साधारणपणे बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडून अठ्ठेचाळीस व्होल्ट केलेले असतात. कुणीतरी सांगतो, मोबाईलचा चार्जर बाराचा आहे ना, मग चारपैकी एका बॅटरीवरून घे. चालतं. फोन भरतो, गाणी वाजतात. पण रोज चौघींपैकी एकीचंच थोडं जास्त काढलं जातं, आणि रात्री भरताना चौघींना सारखंच मिळतं. ती एक हळूहळू मागे पडते. जुंपलेल्या बैलांत एक थकला की जोडी थकते, तसं साखळीतली एक बॅटरी कमजोर झाली की सगळ्या रिक्षेचा पल्ला कमी होतो. रिक्षावाला समजतो बॅटऱ्याच खराब निघाल्या. अठ्ठेचाळीसचे बारा करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो चौघींकडून सारखं घेतो. मोठ्या ट्रकांचंही हेच. त्यांत दोन बॅटऱ्यांचे चोवीस व्होल्ट असतात. एकाच बॅटरीवरून बारा घेतले की एक उपाशी, दुसरी अजीर्णानं मरते. बारा आणि चोवीस दोन्हीवर चालतो असं लिहिलेला चार्जर घेणं, एवढंच करायचं असतं.

आता स्टँड. आमच्याकडच्या गाड्यांत डॅशबोर्ड रिकामा नसतोच. कुठे शेगावचे गजानन महाराज, कुठे सैलानी बाबांच्या दर्ग्याचा फोटो, कुठे ७८६, कित्येक गाड्यांत तिन्ही एका ओळीत, आणि शिवाय गुलाबाचा अत्तरवाला डबा. त्यात मोबाईलला जागा शोधायची. फोन समोरच्या रस्त्याच्या आड येता कामा नये, आणि नजर फार खाली न्यावी लागू नये. स्टिअरिंगच्या बाजूला, काचेच्या खालच्या कडेला ही जागा बहुतेक गाड्यांत बरी पडते. एअरबॅगच्या झाकणावर किंवा तिच्या वाटेत मात्र कधीही नको. २०१९ च्या जुलैपासून नव्या मोटारींत चालकापुढे एअरबॅग सक्तीची झाली, पुढे शेजारच्या बैठकीपुढेही झाली. ती निमिषात फुगते. तिच्यावर चिकटवलेला स्टँड मग गोफणीतल्या दगडासारखा सुटतो, आणि समोर माणसाचं तोंड असतं. अत्तराच्या डब्यालाही हाच नियम.

मे महिन्यात मलकापूर-खामगावकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. बंद गाडीत, काचेमागे, डॅशबोर्डवर तो किती जात असेल याची कल्पना करा. रबरी वाटीचा स्टँड गळून पडतो ते सोडा, फोनची लिथियमची बॅटरी अशा तापमानात भरली की तिचं आयुष्य घटतं. फोन शहाणा असतो, तो स्वतःच पडदा मंद करतो, चार्जिंग थांबवतो. आपण समजतो पोर्ट बिघडला. वायरीविना चार्ज करणारे स्टँड निघालेत, ते तर फोनला आणखी तापवतात. आमच्या उन्हाला वायरीचाच बरा, आणि वायर आखूड, जरा जाड. बारीक लांब वायरीत वीज वाटेतच संपते. वायरीचा विरोध ०.३ ओहम असला आणि दोन अॅम्पिअर वाहत असले, तर पाचपैकी ०.६ व्होल्ट वायरच खाते. हे गणित भाच्यानं माझ्याकडून पाटीवर करून घेतलं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, हातात फोन घेऊन चालवणं हे धोकादायक चालवणं ठरतं. पहिल्याच गुन्ह्याला हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमानुसार फोन रस्ता पाहायला वापरता येतो, पण चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनंच. स्टँडवर फोन आहे म्हणून व्हॉट्सअॅप वाचायची मुभा मिळत नाही. मी निघण्याआधी रस्ता लावून घेतो आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवतो, कारण बोथ्याच्या जंगलात रेंज येते-जाते. हे तेच ज्ञानगंगेचं जंगल. २०१९ च्या डिसेंबरात टिपेश्वरहून निघालेला एक वाघ तेराशे किलोमीटर चालून इथे येऊन पोहोचला होता. त्याच्या गळ्यात रेडिओचा पट्टा होता, म्हणून ते जगाला कळलं. आमचा फोन तिथे मुका असतो.

भाच्यानं पैसे घेतले नाहीत. फ्यूजचे पाच रुपये द्या म्हणाला, तेवढेच घेतले. जळकी वायर मात्र त्यानं मागून ठेवून घेतली. दुकानात कॅलेंडरच्या खिळ्याला ती टांगलीय. कुणी घाई केली, "राहू दे रे तो फ्यूज, वीस मिनिटांत दे" म्हणालं, की तो मागे न बघता तिकडे बोट दाखवतो.

आपांना आता मी पुढच्या सीटवर बसवतो. त्यांना तो दिवा आवडतो. या वेळचा हिरवा आहे, आणि चावी काढली की विझतो. त्या दर वेळी उतरताना तो विझला का ते बघतात. हातमोज्याच्या कप्प्यात झाकणाला चिकटवून दोन जास्तीचे जांभळे फ्यूज ठेवलेत आणि तो दहा नंबरचा पाना. घाट उतरताना लाल ट्रॅक्टर दिसला की मी गाडी हळू करतो. तीन-चारदा थांबवून विचारलंही. अजून तो पोरगा सापडलेला नाही.